अडलेले पिस्तूल आणि एका ज्यूलचा हिशेब

एन. सी. सी.च्या शिबिरात ०.२२ रायफल चालवण्याची संधी तुमच्यापैकी काही जणांना मिळाली असेल. एक गोळी झाडून झाली की बोल्टची मूठ वर उचलायची आणि मागे ओढायची. रिकामे टरफल उडून बाजूला पडते. मग बोल्ट पुढे ढकलून मूठ खाली दाबायची, की नवे काडतूस नळीच्या तोंडाशी जाऊन बसते. ही सारी कामे आपला हात करतो, आणि मध्येच काही अडले तर ते हाताला लगेच कळते.

आता अशी कल्पना करा की ही सारी कामे हाताशिवाय, आपोआप व्हायची आहेत, आणि तीही डोळ्याचे पाते लवायच्या आत. नेमबाजीच्या स्पर्धांत वापरले जाणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल नेमके हेच करते. ‘अर्धस्वयंचलित’ एवढ्यासाठी, की प्रत्येक गोळीला चाप एकदा दाबावाच लागतो. पण टरफल बाहेर फेकणे आणि नवे काडतूस भरणे ही कामे यंत्र स्वतःच उरकते.

उरकते खरे, पण नेहमीच नव्हे. कधीकधी ते अडते. ते का अडते आणि नेमके कोठे अडले हे कसे ओळखायचे, हा आजचा विषय आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या हाती पिस्तूल कधीच येणार नाही. परंतु अडलेल्या यंत्राकडे कसे पाहावे याचा जो धडा येथे मिळतो, तो शिवणयंत्रापासून पाण्याच्या पंपापर्यंत सर्वत्र लागू पडतो.

चार सेकंदांची परीक्षा

ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी ‘२५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल’ नावाची एक स्पर्धा असते. समोर २५ मीटरवर पाच लक्ष्ये एका ओळीत, एकमेकांपासून ७५ सेंटिमीटर अंतरावर उभी असतात. नेमबाज हात ४५ अंशांत खाली धरून उभा राहतो. इशारा मिळताच हात वर उचलायचा आणि प्रत्येक लक्ष्यावर एक अशा पाच गोळ्या झाडायच्या. प्रथम आठ सेकंदांत, मग सहा सेकंदांत आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत! हात उचलून पहिली गोळी सुटेपर्यंतच सेकंद-दीड सेकंद निघून जातो. उरलेल्या चार गोळ्यांच्या वाट्याला प्रत्येकी अर्धा-पाऊण सेकंद येतो.

२०१२ साली लंडन येथील ऑलिंपिकमध्ये भारताच्या विजय कुमारने या प्रकारात रौप्यपदक मिळवले. अंतिम फेरीत चार सेकंदांच्या आठ मालिका, म्हणजे ४० गोळ्या होत्या. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. त्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची प्रतिस्पर्धी ३४ गुणांवर बरोबरीत होत्या. पाच गोळ्यांची जादा मालिका झाली, तिच्यातही बरोबरी झाली, आणि दुसऱ्या जादा मालिकेत राही एका गुणाने जिंकली. विचार करा, त्या शेवटच्या पाच गोळ्यांपैकी एखादे काडतूस मध्येच अडले असते तर? अनेक वर्षांची मेहनत एका इवल्याशा पितळी नळकांड्याच्या वाटचालीवर अवलंबून असते.

काडतुसाची ओळख

या पिस्तुलात वापरतात ते ०.२२ लाँग रायफल नावाचे काडतूस. ते १८८७ साली अमेरिकेत तयार झाले आणि आजही जगभर वापरात आहे. पितळेचे पातळ टरफल, त्यात चिमूटभर दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी. टरफलाच्या बुडाला चपटी कडा असते. पेटणारे रसायन या पोकळ कडेतच भरलेले असते. आघात करणारी पिन कडेवर आपटली की ते पेटते आणि दारूला आग लावते.

या काडतुसाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडतील. पहिले म्हणजे ही बाहेर आलेली कडा. दुसरे म्हणजे शिशाच्या गोळीवर दिलेला मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर. तो नसेल तर मऊ शिसे नळीच्या आतल्या भिंतीला चिकटत जाईल.

काडतुसे मॅगझिन नावाच्या उभ्या, अरुंद डबीत एकावर एक रचलेली असतात. डबीच्या तळाशी एक स्प्रिंग असते. ती एका पट्टीच्या साहाय्याने सारी काडतुसे वर रेटत असते. डबीच्या तोंडाशी पत्र्याच्या कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना ‘ओठ’ म्हणतात. हे ओठ सर्वांत वरच्या काडतुसाला अडवून धरतात, नाहीतर सगळीच काडतुसे बाहेर उडाली असती.

एका गोळीमागची सहा कामे

चाप दाबल्यापासून पुढची गोळी तयार होईपर्यंत काय काय घडते ते क्रमाने पाहू.

पहिले काम : बार उडतो. गोळी पुढे जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच धक्का टरफलाला आणि त्यामागे टेकलेल्या बोल्टला मागच्या दिशेने बसतो.

दुसरे काम : बोल्ट मागे सरकू लागतो. त्याच्या तोंडाशी असलेली एक छोटी नखी टरफलाच्या कडेला पकडून टरफल कोठीतून बाहेर ओढते. कोठी म्हणजे काडतूस जेथे बसते तो नळीचा मागचा भाग.

तिसरे काम : मागे येणारे टरफल एका स्थिर टोकावर आपटते आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकले जाते.

चौथे काम : मागे जाता जाता बोल्ट घोडा ताणून ठेवतो आणि आपल्या परतीच्या स्प्रिंगलाही दाबतो.

पाचवे काम : बोल्ट पुरता मागे गेला की मॅगझिनमधले वरचे काडतूस वर उचलले जाते. परतीच्या स्प्रिंगच्या जोराने पुढे येणारा बोल्ट त्याच्या बुडाला धक्का देतो. काडतूस ओठांतून निसटते, एका लहानशा उतारावरून चढते आणि कोठीकडे वळते.

सहावे काम : काडतूस कोठीत पूर्ण बसते, नखी त्याची कडा पकडते आणि बोल्ट घट्ट बंद होतो. चाप सोडून पुन्हा दाबला की पुढची गोळी सुटते.

या साखळीला साधारण एक विसांश सेकंद लागतो. साखळी म्हटली ते मुद्दामच, कारण आधीचे काम अपुरे राहिले तर पुढचे काम होऊच शकत नाही. टरफल बाहेर पडलेच नाही तर नवे काडतूस जाणार कोठे?

एका ज्यूलचा हिशेब

आता प्रश्न असा, की या सहा कामांना लागणारी ऊर्जा येते कोठून? पिस्तुलात ना विजेची मोटार, ना बॅटरी. ऊर्जा येते ती गोळीच्या धक्क्यातून. ती किती असते याचा हिशेब दहावीच्या भौतिकशास्त्रावरून सहज करता येईल.

गोळीचे वस्तुमान २.६ ग्रॅम, म्हणजे ०.००२६ किलोग्रॅम. पिस्तुलाच्या नळीतून ती सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने बाहेर पडते असे धरू. तिचा संवेग झाला ०.००२६ × २८० = सुमारे ०.७३. संवेग अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे बोल्टलाही तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो. बोल्ट २५० ग्रॅमचा असेल तर त्याचा वेग ०.७३ ÷ ०.२५ = सेकंदाला सुमारे २.९ मीटर होईल.

आता दोघांची गतिज ऊर्जा काढा.

गोळी : १/२ × ०.००२६ × २८० × २८० = सुमारे १०२ ज्यूल.

बोल्ट : १/२ × ०.२५ × २.९ × २.९ = सुमारे १ ज्यूल.

पाहिलेत? संवेग दोघांना सारखाच मिळाला, पण ऊर्जेच्या वाटणीत बोल्टच्या पदरात जेमतेम शंभरावा हिस्सा पडला. नळीतून निघणाऱ्या वायूंचा धक्का धरला तर तो थोडा वाढेल, पण फार नव्हे. एक ज्यूल म्हणजे किती? १०० ग्रॅमचे वजन एक मीटर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. टरफल ओढणे, ते फेकणे, घोडा ताणणे, स्प्रिंग दाबणे ही सारी कामे एवढ्याशा पुंजीत भागवायची असतात.

परतीच्या प्रवासाची शिल्लक तर याहूनही कमी. परतीच्या स्प्रिंगचा सरासरी जोर ८ न्यूटन आणि बोल्ट सरकण्याचे अंतर ४ सेंटिमीटर धरले, तर तिच्यात साठते ८ × ०.०४ = ०.३२ ज्यूल. नवे काडतूस ओठांतून सोडवणे, उतारावर चढवणे आणि कोठीत बसवणे हे सारे या तिसऱ्या हिश्शाच्या ज्यूलवर चालते. यंत्राच्या सांध्यांत थोडीशी चिकट घाण साठली आणि घर्षणाने या शिलकीतून काही भाग खाल्ला, की काम अर्ध्यावर राहिलेच म्हणून समजा. काडतूस भरण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ असे ऊर्जेच्या तुटीत असते.

स्प्रिंगची शर्यत

दुसरे मूळ आहे वेळेची तूट. बोल्ट मागे जाऊन परत येईपर्यंत मॅगझिनमधल्या स्प्रिंगने वरचे काडतूस वर पोचवलेच पाहिजे. ही शर्यत किती चुरशीची असते पाहा. काडतूस सुमारे ६ मिलिमीटर वर उचलायचे आहे आणि त्यासाठी हाताशी शंभरांश सेकंद आहे असे मानू. अंतर = १/२ × त्वरण × काळाचा वर्ग, हे सूत्र वापरा. त्वरण येते सेकंदवर्गाला १२० मीटर. गुरुत्व त्वरणाच्या हे बारा पट झाले! चार काडतुसे आणि वर रेटणारी पट्टी मिळून २० ग्रॅम धरली, तर लागणारे बल ०.०२ × १२० = २.४ न्यूटन. शिवाय त्यांचे वजन आणि डबीच्या भिंतींचे घर्षण वेगळेच.

हुकच्या नियमानुसार स्प्रिंग जेवढी अधिक दाबलेली, तेवढा तिचा जोर अधिक. मॅगझिन भरलेले असताना जोर भरपूर असतो. एकेक काडतूस कमी होत गेले की स्प्रिंग सैल होत जाते. उचलायचे ओझेही कमी होते खरे, पण घाणीचे आणि भिंतींचे घर्षण तसेच राहते. म्हणून वापरून थकलेल्या स्प्रिंगची खोड बहुधा शेवटच्या एक-दोन काडतुसांच्या वेळी उघडी पडते. काडतूस वर पोचायच्या आत बोल्ट त्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि रिकाम्या कोठीवर बंद होतो. नेमबाज चाप दाबतो आणि ऐकू येतो तो नुसता ‘टक्’ असा आवाज.

खूण जागेवरच असते

डॉक्टर रोग्याला तपासतात तेव्हा आधी लक्षणे पाहतात. अडलेले पिस्तूलही आपली लक्षणे स्पष्ट दाखवते. सहा कामांची साखळी डोळ्यांसमोर असली की ती वाचता येतात.

रिकामे टरफल खिडकीत उभे चिमटलेले दिसले, तर तिसरे काम बिघडले. टरफल निघाले, पण पुरेशा जोराने फेकले गेले नाही. कारणे तीन-चार संभवतात. काडतूस कमी ताकदीचे असेल, यंत्र कोरडे किंवा मळलेले असेल, नखी झिजली असेल, किंवा नेमबाजाचे मनगट सैल असेल. मनगटाचा येथे काय संबंध, असे तुम्ही विचाराल. बोल्ट मागे सरकतो तो पिस्तुलाच्या सांगाड्याच्या तुलनेत. हाताने सांगाडा घट्ट धरला नाही तर तोही बोल्टबरोबर मागे जाऊ लागतो. दोघांमधला सापेक्ष वेग घटतो आणि बोल्टचा प्रवास अपुरा राहतो. चालत्या गाडीतून शेजारच्या गाडीकडे पाहिले की ती हळू चाललेली वाटते, तसाच हा प्रकार.

टरफल कोठीतच राहिले आहे आणि नवे काडतूस त्याच्या पाठीला टेकले आहे असे दिसले, तर बिघाड दुसऱ्या कामात. नखीखाली घाण बसली असेल किंवा तिची धार झिजली असेल. कोठी फार मळलेली असेल तर टरफल आतच चिकटून बसते.

कोठी रिकामी, बोल्ट बंद आणि मॅगझिनमध्ये काडतुसे शिल्लक असतील, तर पाचव्या कामाची सुरुवातच झाली नाही. मॅगझिन पुरते वर बसले नसेल, त्याची स्प्रिंग थकली असेल, आत मेण व घाण साचली असेल, किंवा बोल्ट पुरता मागे गेलाच नसेल. या शेवटच्या शक्यतेची एक सोपी पारख आहे. बाहेर पडलेली टरफले कोठे पडतात ते पाहावे. एरवी लांब पडणारी टरफले पायाशीच पडू लागली, तर बोल्टचा जोर कमी झाला आहे. ती नेहमीसारखी लांब पडत असतील, तर संशय मॅगझिनवर.

काडतुसाचे नाक उतारावर रुतलेले किंवा तिरके वर उभे राहिलेले दिसले, तर पाचवे काम अर्ध्यावर राहिले. बहुतेक वेळा दोष मॅगझिनच्या ओठांचा असतो. मॅगझिन जमिनीवर पडून ओठ जरा जरी वाकले, तरी काडतुसाचा कोन बदलतो आणि मऊ शिशाचे नाक भलतीकडे जाऊन आपटते. येथेच ती बाहेर आलेली कडा आठवा. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या मागे गेली, तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. मग बोल्टने कितीही रेटले तरी वरचे काडतूस सुटत नाही. हा दोष यंत्राचा नाही, घाईघाईने भरणाऱ्याचा आहे.

बोल्ट बंद होता होता केसभर फट राहिली, तर सहावे काम अडले. कोठीत मेण आणि काजळीचे कडे जमले असेल, किंवा परतीची स्प्रिंग अशक्त झाली असेल. थंडीत मेण घट्ट होते, तेव्हा हा त्रास वाढू शकतो. अशा वेळी चाप दाबूनही बार उडत नाही आणि ते बरेच आहे. बोल्ट पुरता मिटला नाही तर घोडा पडू नये अशी तजवीज पिस्तुलात मुद्दाम केलेली असते. उघड्या फटीत बार उडाला तर टरफल फुटून तप्त वायू मागे येतील.

संशय आणि पुरावा

लक्षणावरून टप्पा कळला तरी एकाच लक्षणामागे दोन-तीन कारणे असू शकतात. त्यातले खरे कोणते? येथे अंदाज चालत नाही, प्रयोग करावा लागतो. प्रयोगाचा पहिला नियम तुम्हांला ठाऊकच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंग बदलली, तेल घातले, काडतुसेही नवी आणली आणि पिस्तूल चालू लागले, तर आपण काय शिकलो? काहीच नाही. दोष पुन्हा आला की पुन्हा पहिला पाढा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका नेमबाजाकडे चार मॅगझिने आहेत. त्याने त्यांवर १ ते ४ असे आकडे घातले. सरावात प्रत्येकातून ५० अशा २०० गोळ्या झाडल्या आणि प्रत्येक अडथळा वहीत टिपला. अडथळे आले आठ. त्यांपैकी सात क्रमांक २ च्या मॅगझिनमध्ये. हा योगायोग असेल का?

चारही मॅगझिने सारखीच असती, तर कोणताही एक अडथळा क्रमांक २ मध्ये येण्याची शक्यता १/४. आठपैकी नेमके सात तेथेच येण्याची शक्यता २४/६५,५३६ आणि आठही येण्याची १/६५,५३६. बेरीज २५/६५,५३६. पण असा गोतावळा चारांपैकी कोणत्याही एका मॅगझिनमध्ये जमला असता तरी आपल्याला संशय आलाच असता. म्हणून चाराने गुणू. उत्तर येते १००/६५,५३६, म्हणजे सुमारे ६५५ वेळांत एकदा. योगायोगाची शक्यता फारच थोडी. गुन्हेगार बहुधा क्रमांक २ च!

‘बहुधा’ म्हटले, कारण अजून एक पळवाट उरते. क्रमांक २ नेहमी शेवटीच वापरले गेले असेल, तर तोपर्यंत पिस्तूलच मळलेले असणार. म्हणून मॅगझिनांचा क्रम प्रत्येक वेळी बदलायला हवा. तरीही क्रमांक २ च दोषी ठरले, तर त्याची स्प्रिंग काढून ३ मध्ये आणि ३ ची २ मध्ये घालावी. दोष स्प्रिंगबरोबर ३ मध्ये गेला तर स्प्रिंग थकलेली; दोष २ मध्येच राहिला तर ओठ वाकलेले. अशा तऱ्हेने एकेक फांदी छाटत आपण मुळापर्यंत पोचतो. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. चार आकडे, एक वही आणि थोडा धीर पुरतो.

हात लावू नका!

स्पर्धेचा एक नियम येथे सांगण्यासारखा आहे. पिस्तूल अडले तर नेमबाजाने ते लक्ष्याच्या दिशेनेच रोखून धरायचे, मूठ सोडायची नाही, आणि मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलवायचे. अधिकारी अडलेले पिस्तूल पाहतो. दोष यंत्राचा किंवा काडतुसाचा असेल तर नियमाप्रमाणे पुन्हा संधी मिळते. परंतु अधिकारी येण्यापूर्वी नेमबाजाने बोल्टला हात लावला, तर ती संधी गेली! मॅगझिन नीट बसवले नव्हते, काडतुसे कमी भरली होती, चाप पुरता सोडलाच नव्हता, अशी चूक निघाली तरीही संधी नाही, कारण त्या यंत्राच्या चुका नव्हेत.

हा नियम वरवर कठोर वाटतो, पण त्यात मोठे शहाणपण आहे. अडल्याबरोबर चिडून बोल्ट ओढला की चिमटलेले टरफल खाली पडते, तिरके काडतूस निसटते आणि खूण पुसली जाते. मग यंत्राचा दोष होता की माणसाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. गुन्ह्याच्या जागी पोलीस दोरी बांधतात ती याच कारणासाठी.

सुरक्षिततेचा मुद्दा तर त्याहून मोठा आहे. चाप दाबूनही बार उडाला नाही, तर काडतूस क्षणभर उशिराही पेटू शकते. म्हणून नळी लक्ष्याकडेच रोखून थांबायचे असते. एखाद्या बाराचा आवाज नेहमीपेक्षा अगदी दबका आला, तर नेमबाजी तेथेच थांबवावी लागते. गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते, आणि तिच्यामागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुटू शकते. ही सारी तपासणी प्रशिक्षक व जाणकार कारागीर करतात, तेही पिस्तूल पूर्ण रिकामे असल्याची खात्री झाल्यावरच. कोणत्याही शस्त्राला प्रशिक्षकाच्या देखरेखीविना हात लावायचा नाही, ही खूणगाठ तुम्ही पक्की बांधून ठेवा.

घरचा प्रयोग

काडतुसांच्या डबीचा एक निरुपद्रवी भाऊ तुमच्या शाळेच्या कार्यालयात आहे. तो म्हणजे स्टेपलर! त्यातही एक लांब स्प्रिंग पिनांची रांग पुढे रेटते. एक पाते सर्वांत पुढची पिन वेगळी करून खाली दाबते, ती कागदातून आरपार जाते आणि खालच्या खाचेत तिचे पाय दुमडतात. म्हणजे येथेही चार कामांची साखळी आहे : रेटणे, तोडणे, टोचणे, दुमडणे.

बिघडलेले एक जुने स्टेपलर मिळवा. बोटे तोंडाशी येणार नाहीत अशी काळजी घेऊन ते निरखा. पिन मुळीच येत नाही? मग पहिले काम पाहा. दोन पिना एकदम अडकल्या? दुसरे पाहा, पिना चुकीच्या मापाच्या तर नाहीत ना? पिन कागदात शिरली, पण पाय वेडेवाकडे दुमडले? चौथे. आधी वहीत लक्षण लिहा, मग अंदाज लिहा आणि नंतरच हात घाला. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंगचा जोर मोजायचा असेल तर प्रयोगशाळेतील स्प्रिंगकाटा वापरा. पिनांची रांग भरलेली असताना आणि संपत आलेली असताना किती फरक पडतो ते पाहून हुकचा नियम पडताळा.

यंत्र अडले की आपला पहिला विचार असतो तो त्याला एक थप्पड मारण्याचा. कधीकधी यंत्र त्याने चालूही लागते, पण ते का अडले होते हे मात्र कायमचे हरवते. कोल्हापूर असो की लंडन, चांगला नेमबाज अडलेल्या पिस्तुलाला धक्का देत नाही. तो हात वर करतो आणि थांबतो. पुढच्या वेळी तुमच्या घरातला पंखा, सायकल किंवा शिवणयंत्र अडले, तर तुम्हीही क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : साखळी नेमकी कितव्या कामावर तुटली?